राघूचा पुडा

आमच्याकडे ट्रेडमार्कचा दावा कुणी म्हणत नाही. ‘छापाची केस’ म्हणतात. चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयात मी चौदा वर्षं छापाच्याच केसेस लढते आहे.

नागभीडकडच्या एका काकाजींची केस मनातून जात नाही. चक्कीवर मिरची कुटून ते तिखट विकायचे. पिवळा पुडा, त्यावर हिरवा राघू. एके दिवशी बाजारात दुसरा पिवळा पुडा आला, त्यावरही राघू, फक्त तोंड उलट्या बाजूला. काकाजी आधी तालुक्याच्या कोर्टात गेले. पण १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याप्रमाणे असा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालतच नाही. मग गोंदिया-बल्लारशा गाडीनं माझ्याकडे.

छापाची नोंदणी त्यांनी केली नव्हती. तरीही दावा होतो, पण ओझं वाढतं. लोक हा माल याच छापानं ओळखतात, दुसऱ्याच्या पुड्यानं गिऱ्हाईक फसतं आणि त्यात आपलं नुकसान होतं, हे तिन्ही सिद्ध करावं लागतं. काकाजींनी बिस्किटाच्या डब्यातली बिलं माझ्या टेबलावर ओतली. निम्मी वाळवीनं खाल्लेली. पुड्यांच्या छपाईचं एकच बिल शाबूत होतं, ब्रह्मपुरीच्या एका छापखान्याचं. मी स्वतः तिथं गेले. मालकांनी माळ्यावरून नमुन्यांची जुनी फाईल काढली. पहिला पुडा त्यात चिकटवलेला होता, खाली तारीख, किती नग छापले तेही. तो कागद हातात घेतला तेव्हा माझे डोळे भरून आले. तात्पुरता मनाई हुकूम मिळाला तो त्याच्या जोरावर.

साक्षीपुरावा दोन वर्षांनी झाला. आमची साक्षीदार धानाच्या बांधीत रोवणीला जाणारी एक बाई, निरक्षर. समोरच्या वकिलांनी दोन्ही पुडे तिच्यापुढे धरले. “एका राघूचं तोंड डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. फरक दिसतो की नाही?”

ती म्हणाली, “आता दोनी सोबत धरले त दिसते ना साहेब. दुकानात मले एकच पुडा देते.”

कोर्टात क्षणभर शांतता. अमृतधारा आणि लक्ष्मणधारा या औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं १९६२मध्ये हेच सांगितलं होतं: दोन नावं शेजारी ठेवून ताडायची नाहीत, साधारण समजेच्या आणि अर्धवट आठवणीच्या माणसाच्या नजरेनं पाहायची. माझ्या लेखी युक्तिवादात त्यावर तीन पानं होती. त्या बाईला एक वाक्य पुरलं. दावा आम्ही जिंकलो.

या कामाकडे मी वळले ती धानामुळे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३मध्ये ‘पटेल ३’ धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या, जपल्या, वर्षामागून वर्षं पेरून पाहिल्या. त्यातून एचएमटी तांदूळ झाला. त्याला नाव मिळालं ते घड्याळाचं. माझे बाबा हाच धान लावायचे आणि तो कुणी शोधला हे मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. तेव्हा वाणांवर हक्क देणारा कायदाच देशात नव्हता, तो २००१मध्ये आला. दादाजी २०१८च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या नावाशी आपण नीट वागलो नाही, असं मला आजही वाटतं.

आता कायदा आहे. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते, त्याची फी लागत नाही. परवा सिंदेवाहीकडचा एक मुलगा पेपरात गुंडाळलेल्या लोंब्या घेऊन आला. मी आधी तारखा विचारल्या. त्यानं पिशवीतून चार वर्षांची कॅलेंडरं काढली. पेरणी, रोवणी, कापणी, बी कुणाला किती पायली दिलं, सगळं त्याच्या आईच्या अक्षरात. सोमवारी आम्ही अर्ज लिहायला बसतोय. आईलाही सोबत आण म्हटलं आहे.