मेणाचा हात

वांद्र्याची मोतमाउलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते. तिच्या तोंडावर आमच्या वसईच्या घरात मेणाशिवाय दुसरा वास नसतो. माउलीला वाहायचे नवसाचे मेणाचे हात, पाय, बाहुल्या, घरं यांचे सिलिकॉनचे साचे मी स्वतःच बनवते. सिलिकॉन उंचावरून, बारीक धारेनं ओतायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे वाटेतच फुटतात. रात्रभरात साचा घट्ट होतो आणि मग त्यातून हवे तेवढे हात काढा. सगळे सारखे, पाची बोटं सरळ.

गेल्या वर्षी एक मुलगा वडिलांना रिक्षातून घेऊन आला. अर्धांगवायूनंतर काकांचा उजवा हात मिटला तो मिटलाच. टेबलावरचा मेणाचा हात त्यांनी डाव्या हातानं उलटसुलट करून पाहिला.

"हा माझा नाय."

"अहो बाबा, बरा झालेलाच हात द्यायचा असतो."

"मग दुखतो तो कुणाला दाखवू?"

मला काकांचंच पटलं.

सिलिकॉन इथे कामाचं नव्हतं. तासन्‌तास हात बुडवून कोण बसणार? दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ती अल्जिनेटची पूड घरात होती. गार पाण्यात कालवली की ती जरा सावकाश धरते, तरी वेळ दोन-चार मिनिटांचाच. छोट्या बादलीत मिश्रण ओतलं, मुलानं मनगट धरलं. "गार लागतंय," एवढंच काका बोलले. मिश्रण रबरासारखं झालं की आतल्या आत बोटं हलवायची. हवा शिरते, हात सुटतो. त्यांची बोटं कुठली हलायला! मग कडेनं माझं बोट सरकवत, थेंब थेंब पाणी सोडत हात मोकळा केला. साच्याची कड फाटली, पण बोटांच्या जागा शाबूत होत्या.

अल्जिनेट सुकलं की आक्रसतं, म्हणून मेण लगेच ओतलं, तेही वर साय धरू लागल्यावर. निवताना मेण मधोमध खचतं. तो खड्डा दुसऱ्यांदा ओतून भरला. साचा सोलला तर नखं, वळ्या आणि अंगठ्याखालचा कोयत्याचा जुना व्रणसुद्धा उमटला होता. मुलगा त्या व्रणावरून बोट फिरवत राहिला. त्याला घरात ठेवायला आणखी एक हवा होता, पण सोललेला साचा परत कामाला येत नाही.

"वात घालू का, काका?" मी सवयीनं विचारलं.

"आता हात जाळतेस का माझा?" म्हणाले, आणि कागदात नीट गुंडाळून द्यायला लावला.