आमची वाटचाल: लिलावातला रुपया आणि त्याची प्रतवारी

आमचा व्यवसाय सुरू झाला तो पुण्याच्या जुन्या बाजारात आणि नाण्यांच्या प्रदर्शनांत होणाऱ्या खरेदीवर. नाणे कडेने धरायचे, उजेडात तिरके फिरवायचे, भिंगातून पाहायचे आणि मग भाव बोलायचा. चांगला माल हळूहळू ऑनलाइन लिलावांकडे वळला, तशी ही सोय गेली आणि हातात उरले दोन फोटो. तेव्हापासून आमच्या पेढीचा एक नियम आहे: ज्या नाण्याचा पृष्ठभाग फोटोत नीट वाचता येत नाही, त्यावर बोली लावायची नाही, मग ते कितीही दुर्मीळ असो.

आमचे बहुतेक काम ब्रिटिश भारताच्या चांदीच्या रुपयांचे आहे. वजन 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के, कडेवर उभ्या रेघा. हे प्रमाण 1939 सालापर्यंतच्या रुपयांना लागू. 1940 पासून चांदी 50 टक्क्यांवर आली आणि कडही बदलली. 1947 चा रुपया तर निकेलचा आहे. निकेलचा रुपया चुंबकाला चिकटतो आणि तो चिकटलाच पाहिजे. पण त्याआधीच्या सालाचा ‘चांदीचा’ रुपया चिकटला, तर पुढची तपासणी करायची गरजच नाही.

फोटोत आम्ही आधी चेहरा पाहत नाही, मोकळी जागा पाहतो. मुखवटा आणि अक्षरे यांच्या मधल्या सपाट भागात एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसल्या, तर नाणे घासलेले आहे. अक्षरांच्या खाचांत काळी मळी आणि भोवतालची जागा मात्र लख्ख, ही दुसरी खूण. टाकसाळीची मूळ झळाळी नाणे तिरके केले की पट्ट्यासारखी फिरते. घासून आणलेली चमक सगळीकडे सारखीच पांढरी आणि निर्जीव दिसते. म्हणून महागड्या लॉटसाठी, म्हणजे लिलावात एका क्रमांकाखाली मांडलेल्या मालासाठी, लिलावगृहाकडे नाणे फिरवतानाचा छोटा व्हिडिओ आणि कडेचा फोटो मागतो. बरीच लिलावगृहे तो देतात. नाही मिळाला, तर त्या लॉटवर आम्ही बोली लावत नाही.

घासलेल्या रुपयांचे प्रमाण आपल्याकडे मोठे आहे आणि त्याचे कारण घराघरांत आहे. लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये निघतात, हळदकुंकू वाहिले जाते आणि पूजेआधी ते चिंच, लिंबू, राख किंवा रांगोळीने उजळले जातात. श्रद्धेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण संग्राहकाच्या दृष्टीने असा रुपया कायमचा खालच्या प्रतीत जातो. दुसरा प्रकार दागिन्यांचा. नाण्याला टाका मारून कडी बसवली जायची आणि नंतर ती काढून टाकली जायची. अशा वेळी वरच्या बाजूला, मुकुटाच्या वर, कडेच्या रेघा एका जागी बुजलेल्या असतात आणि तिथे चांदीचा रंग किंचित वेगळा दिसतो. समोरच्या फोटोत हे जवळपास कधीच कळत नाही, म्हणूनच कडेचा फोटो हवा.

नाणे हाती आले की आधी वजन. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो. वापरून झिजलेला रुपया 11.4 ते 11.6 भरला तर हरकत नाही. पण नक्षी टवटवीत आणि वजन 11.2 असेल, तर काहीतरी चुकले आहे. मग पाण्यातली चाचणी: काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि बारीक दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला न टेकवता पूर्ण बुडवायचे. 91.7 टक्के चांदीचा 11.66 ग्रॅमचा रुपया साधारण 1.13 ग्रॅम दाखवतो. तांबे किंवा तांबे-निकेलचा असेल तर आकडा 1.3 च्या आसपास जातो. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा फसवतो, म्हणून नाणे पाण्यात एकदा हलवून घ्यावे. मात्र हल्ली खऱ्या चांदीतही नकली बनतात, त्यामुळे वजन जुळले म्हणजे नाणे अस्सल, असे आम्ही कुणालाही लिहून देत नाही. ओतीव नकलेची अक्षरे मऊ आणि गोलसर असतात, पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या किंवा छिद्रे दिसतात आणि कडेवर जोड असू शकतो.

सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया हे सर्वांत धोक्याचे प्रकरण. तो फार दुर्मीळ आहे आणि 1938 चा सहज मिळतो, म्हणून शेवटच्या 8 चा 9 करून विकला जातो. इथे वजन, चांदी, कड, मुखवटा सगळे खरेच असते; खोटा असतो फक्त एक आकडा. 20 पट मोठे करून त्या आकड्याभोवतालची जमीन पाहावी: कोरल्याच्या खुणा, आजूबाजूपेक्षा खोल गेलेला भाग, इतर तीन आकड्यांपेक्षा वेगळी उंची. सुटा, प्रमाणपत्राशिवायचा 1939 आम्ही लिलावातून घेत नाही.

ग्रेडिंगची, म्हणजे नाण्याची प्रत ठरवण्याची, आंतरराष्ट्रीय पट्टी 1 ते 70 अंकांची आहे. 60 आणि त्यापुढे न वापरलेले नाणे. व्हिक्टोरियाच्या रुपयावर झीज आधी गालावर, कानावरच्या केसांत आणि खांद्याजवळच्या वस्त्राच्या नक्षीत दिसते. एडवर्डच्या रुपयावर कान आणि दाढी पाहावी. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुकुट आणि झग्यावरचा हत्ती. ‘पीसीजीएस’ किंवा ‘एनजीसी’ या अमेरिकी ग्रेडिंग संस्थांच्या स्लॅबमधले, म्हणजे प्रत लिहिलेल्या बंद डबीतले, नाणे असले, तरी क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळवावा, कारण डब्याही नकली येतात. घासलेल्या नाण्याला अंकाऐवजी ‘डिटेल्स’ असा शेरा मिळतो आणि त्याची किंमत बरीच उतरते. म्हणून पाठवणीचा खर्च करण्याआधी नाणे स्वतः कठोरपणे तपासावे.

इथे कायद्याचा मुद्दा येतो. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे 100 वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, ग्रेडिंगसाठीही नाही. ही सीमा दरवर्षी एका सालाने पुढे सरकते. व्हिक्टोरिया आणि एडवर्डचे सगळे रुपये, तसेच पाचव्या जॉर्जचे 1911 ते 1922 चे रुपये यात येतात. याच कारणाने आमच्या पेढीत लेखी तपासणी अहवालाचे काम सुरू झाले: वजन, व्यास, पाण्यातले वजन, कडेचे चार फोटो, दोन्ही बाजूंचे तिरक्या उजेडातले फोटो आणि आमच्या मते प्रत. आता खरेदी-विक्रीइतकेच हे कामही चालते.

बोलीचे गणित उलटे मांडावे. समजा, एका नाण्यासाठी घरपोच एकूण 12,000 रुपयेच द्यायचे आहेत. टपाल आणि विमा 250 धरला, उरले 11,750. लिलावगृहाचे प्रीमियम (बोलीवर लागणारे शुल्क) 20 टक्के आणि त्या एकूण रकमेवर कर 5 टक्के असेल, तर 11,750 भागिले 1.26 (1.20 गुणिले 1.05), म्हणजे सुमारे 9,325. बोलीची कमाल मर्यादा 9,300. प्रत्येक लिलावगृहाचे दर आणि कर आकारण्याची पद्धत वेगळी असते, ती अटींत आधी वाचावी. अनेक नाण्यांचा एकत्रित लॉट सहसा परत घेतला जात नाही, हेही तिथेच लिहिलेले असते.

ठेवणीसाठी मऊ पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नयेत. त्यातून नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. तो सुरुवातीला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून, न घासता, निघतो. हवेशीर खोली आणि ज्वाला नसलेली जागा मात्र हवी. आमच्याकडून जाणारे प्रत्येक नाणे मायलर या पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसह आणि अहवालाच्या प्रतीसोबत जाते.