संशयाचा 'फायदा' म्हणू नका

परवा फोनवर इथल्या एका खटल्यातला आरोपी सुटल्याचं ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे संशयाचा फायदा मिळाला म्हण त्याला," आणि मी एकदम चिडले. बाबांची चूक नाही. 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता' हे आपण पेपरात वाचत मोठे झालो आणि ते वाचताना मनात काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे, की केलं तर यानेच होतं पण वाचला. मीही तसंच वाचायचे. आता दोन आठवडे इंग्लंडमधल्या एका क्राऊन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या कोर्टात, ज्युरीत, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा साध्या नागरिकांत, बसून आलेय आणि तो 'फायदा' मला खुपायला लागलाय.

सगळे आधी हेच विचारतात म्हणून सांगते, माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे. कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना इथे मतदार यादीत नाव घालता येतं आणि ज्युरीची नावं त्याच यादीतून काढतात, वय 18 ते 75 हवं आणि तेराव्या वर्षानंतर इथे निदान 5 वर्षं राहिलेलं हवं. पत्र आलं तेव्हा मला वाटलं काहीतरी गोंधळ झालाय, ऑफिसातल्या इंग्लिश मंडळींनाही तसंच वाटलं.

खरं सांगते, मला टिळक आठवले. 1908 साल, मुंबई हायकोर्ट, ज्युरीत नऊ जण, सात युरोपियन आणि दोन पारशी. 'केसरी'तले लेख मराठीत आणि खटला चालला तो भाषांतरावर. भाषांतरात शब्दांचा अर्थ बिघडलाय हे टिळक दिवसच्या दिवस उभं राहून त्यांना समजावत होते, तरी निकाल सात विरुद्ध दोन आणि सहा वर्षं मंडाले. आणि आता एका इंग्लिश माणसाचा निकाल द्यायला मराठीत विचार करणारी मी! अभिमान वाटला, लपवत नाही. पण मग रात्रभर हेच डोक्यात, की इथले शब्द मला तरी नीट कळतील का, कारण नाही कळले तर त्या सात जणांत आणि माझ्यात फरक काय राहिला.

चिठ्ठ्या काढल्यासारखी कार्डं पिसून क्लार्कने बारा नावं पुकारली, त्यात माझं नववं. शपथ कशावर घेणार विचारलं, मी म्हटलं गीता. आपल्याकडे गीतेवर हात ठेवणं फक्त सिनेमात, खऱ्या कोर्टात ती नसते, आणि इथे अशरने, म्हणजे कोर्टातल्या मदतनीस बाईने, कापडात गुंडाळलेली गीता माझ्यासमोर धरली. हात ठेवताना घसा दाटून आला.

खटल्याचा तपशील देत नाही. आरोपी काचेच्या पलीकडे, अंगात नवा शर्ट, पाकिटातून काढल्यावर दिसतात तशा घड्या छातीवर आडव्या. दुसऱ्या दिवशी तोच शर्ट, घड्या थोड्या विरलेल्या. तिसऱ्या दिवशीही तोच. मी त्या घड्यांकडेच बघत बसायचे, चेहऱ्याकडे बघवायचं नाही.

शब्दांचं म्हणाल तर पहिल्यांदा अडकले उलटतपासणीत. वकील बाई सारख्या "आय पुट इट टू यू", म्हणजे 'माझं म्हणणं असं आहे की...', म्हणायच्या, आणि इतक्या ठामपणे म्हणायच्या की मी दोनदा वहीत ते घडलेलंच आहे असं लिहून ठेवलं. नंतर जजनी सांगितलं की वकिलाचा प्रश्न हा पुरावा नाही, साक्षीदाराचं उत्तर हा पुरावा. तेव्हा मला आपल्याकडच्या जबाबातलं ते 'हे म्हणणे खरे नाही की...' कळलं. वकिलाने टाकलेलं वाक्य आणि साक्षीदाराने ते नाकारलेलं, सगळं एका ओळीत. मी वहीतल्या त्या दोन्ही ओळी खोडल्या.

आणि मग तो शब्द. 'बियाँड रीझनेबल डाउट', म्हणजे वाजवी संशयाच्या पलीकडे, हे कधी येतंय याची मी वाट बघत होते, ते आलंच नाही. इथले जज आता ज्युरीला साधं सांगतात, की त्याने गुन्हा केला याची तुम्हाला खात्री पटली असेल तरच दोषी म्हणा. शुअर, एवढा एकच शब्द. केलं असण्याची शक्यता जास्त वाटते? पुरत नाही. खात्री नसेल तर उत्तर 'नॉट गिल्टी', आणि ते त्याच्यावर उपकार म्हणून नाही. सिद्ध करायचं काम सरकारी पक्षाचं होतं, ते झालं नाही, बस. मग फायदा कसला? जे त्याचं होतंच ते त्याच्याकडे राहिलं.

आत, ज्युरी रूममध्ये, काय बोलणं झालं ते मी कुणालाच सांगणार नाही, नवऱ्यालाही नाही. ते सांगणं इथे गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कायदा नसता तरी सांगितलं नसतं. नियम तेवढे सांगते. फोन काढून घेतात, दाराबाहेर अशर बसते आणि आमच्याशी खटल्याबद्दल एक शब्द बोलणार नाही अशी तिचीही शपथ झालेली असते. आधी बाराही जणांचं एकमत लागतं, निदान दोन तास उलटल्यावरच जज दहा विरुद्ध दोन चालेल असं सांगू शकतात.

पण म्हणून इथलं सगळं सोन्याचं असंही नाही हां. घटनेला दोन वर्षं उलटून गेली होती, एक साक्षीदार दर तिसऱ्या प्रश्नाला "आठवत नाही" म्हणत होता. क्राऊन कोर्टात 70,000 च्या वर खटले तुंबलेत. आपल्याकडचा आकडा 5 कोटींच्या पुढे आहे, कबूल, पण आपल्या माणसांची संख्याही बघा ना. आणि आपण ज्युरी बंद केली म्हणजे काहीतरी मागासलेपणा केला असं इथे कुणी सुचवलं की मला राग येतो. सगळे नानावटी, नानावटी करतात, म्हणजे बायकोच्या प्रियकराला गोळी घालणारे ते नौदल अधिकारी, की 1959 मध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने ते फिरवलं आणि ज्युरी गेली. पण लॉ कमिशनने 1958 मध्येच ज्युरी नको म्हटलं होतं. शिवाय आपल्या जजला कारणं लिहावी लागतात, पानंच्या पानं, ती वरच्या कोर्टात तपासता येतात. इथे बारा माणसं एक शब्द बोलतात आणि का ते कधीच कुणाला कळत नाही. माझ्या मते आपली पद्धत जास्त प्रामाणिक आहे, आणि ज्युरीत बसून आल्यावरही हे मत बदललेलं नाही.

फक्त तो एक शब्द, 'शुअर', मात्र त्यांचा बरोबर आहे.

आमच्या वतीने निकाल सांगणारा फोरमन उभा राहिला. क्लार्कने विचारलं, निकाल काय? "नॉट गिल्टी." दोषी असता आणि एकमत नसतं तर किती विरुद्ध किती ते विचारलं असतं. निर्दोष म्हटलं की विचारत नाहीत, म्हणजे बाराच्या बारा होते की कसे, हे कुणी कधी त्याला ऐकवू शकणार नाही. मी आकड्याच्या प्रश्नाची वाट बघत राहिले, तोवर जजनी "यू आर फ्री टू गो" म्हटलं सुद्धा. काचेचं दार उघडलं. तोच शर्ट होता, घड्या आता दिसत नव्हत्या.