अकोल्याचं ऊन आणि ऑर्लँडोची वाफ

"हे काय ऊन आहे का?" सासूबाई म्हणाल्या. सकाळचे पावणेनऊ वाजले होते आणि माझ्या पाठीवरून घामाचा पहिला ओघळ कमरेपर्यंत पोचला होता.

त्या अकोल्याच्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तिथली माणसं आपल्या गावाबद्दल जरा ताठ मानेनं बोलतात, हे लग्न झाल्यापासून मी ऐकत आलेय. फोनवर त्या दिवशीचं फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचं कमाल तापमान ३४ दाखवत होतं. "आमच्याकडं चौतीसला स्वेटर काढतात," असंही त्या म्हणाल्या. म्हणजे कपाटातून बाहेर काढतात, हा त्यांचा आवडता विनोद.

ऐन जुलैत पाच महिन्यांची मुलगी आणि पावणेतीन वर्षांचा मुलगा घेऊन तिथल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कला जायची कल्पना कुणाची, यावर घरात अजून एकमत नाही. नवऱ्याची रजा जुलैतली होती. सासू-सासऱ्यांचं परतीचं तिकीट ऑगस्टचं होतं. पण खरं कारण वेगळंच. तीन वर्षांखालच्या मुलांना तिथं तिकीट लागत नाही आणि आमचे थोरले महाराज सप्टेंबरात तीन पूर्ण करणार होते. हे कळल्यावर सासरे कागद-पेन घेऊन बसले. दोन मुलं फुकट! बाकी चौघांना माणशी दीडशे डॉलरच्या घरातलं तिकीट काढायचं आहे, हा आकडा त्या कागदावर अगदी खाली, बारीक अक्षरात होता. वाचलेल्या पैशांचा आनंद असा असतो की त्यापायी किती गेले ते दिसतच नाही. ते पार्क १९७१ साली १ ऑक्टोबरला उघडलं. बघा, खुद्द मालकांनीसुद्धा उद्घाटनाला ऑक्टोबर निवडला होता.

आम्ही राहतो त्या अटलांटाहून गाडीनं सात तास लागतात. आम्हाला अकरा लागले. त्याबद्दल एवढंच.

गाडी लावल्यावर लगेच आत शिरता येत नाही. आधी ट्रॅम, त्यासाठी स्ट्रोलर घडी करायचा, म्हणजे त्यातलं बाळ, पिशव्या, बाटल्या, पंखा सगळं उपसायचं. मग मोनोरेल किंवा फेरी. सासऱ्यांनी फेरी निवडली, कारण ते लहानपणी धरमतरला लाँचनं गेले होते. पाण्यावर जरा वारा होता. किल्ल्याचा निळा कळस दिसायला लागला तसा थोरल्यानं आनंदानं एक बूट पाण्यात टाकला. असो.

आता उन्हाचं सांगते. मी चिपळूणची. अकोल्याचं ऊन आणि आमचं ऊन यात फरक काय, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. तिकडं कूलर, खिडकीला वाळ्याचे पडदे, डोक्यावर ओला पंचा, ही सगळी हत्यारं चालतात, कारण हवा कोरडी असते. पाणी उडून जातं आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. चिपळूणला कूलर लावून बघा. सकाळपर्यंत गाद्या दमट आणि माणसं वैतागलेली. घाम येतो, पण जातो कुठं? अंगावरच बसतो. फ्लोरिडाचा जुलै म्हणजे थेट चिपळूणचा मे, फक्त बागेत, किल्ल्यासकट आणि सावलीशिवाय. ३४ हा आकडा कागदावरचा. अंगाला तो चाळीसच्या वरचा लागतो.

हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण त्या सकाळी आमचं आधीच एकदा वाजलं होतं.

झालं असं की मी स्ट्रोलरच्या छतावरून मलमलचं दुपटं सोडलं होतं, पार पायापर्यंत. सगळ्या आया तसंच करताना दिसत होत्या. पाच महिन्यांच्या बाळाला उन्हात नेऊ नये, सावलीत ठेवावं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी सावली केली. सासूबाई मागून चालत होत्या, त्या मध्येच थांबल्या आणि दुपट्याखाली हात घातला.

"काहून झाकलं वं तिला? हात घालून पाह्य बरं. भट्टी झाली आत!"

मी हात घातला. आतली हवा गरम आणि कोंदट होती, झाकण ठेवलेल्या कुकरसारखी. मुलीचे गाल लाल आणि केस कपाळाला चिकटलेले. पातळ कापडसुद्धा वारा अडवतं आणि आत ऊब साठते, हे मला त्या क्षणी कळलं, आणि ज्यांच्या समोर कळू नये असं वाटत होतं त्यांच्याच समोर कळलं. दुपटं काढलं. छत्री अडकवली, बारका पंखा तिच्या पायांकडे लावला. सासूबाईंनी पर्समधून पंचा काढला, माझ्या बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि तिच्या मानेवरून, पायांवरून फिरवला. पंख्यासमोर तो ओलावा थोडा उपयोगी पडला, हेही खरं.

पण मग त्यांनी त्याच बाटलीच्या झाकणात पाणी ओतलं.

"चमचाभर तरी दे. जीव सुकला तिचा."

"आई, सहा महिन्यांपर्यंत पाणी नाही द्यायचं. दूधच द्यायचं, जास्त वेळा."

"आम्ही दिलं. पोरगा मोठा झाला ना?"

त्या मोठ्या झालेल्या पोरग्यानं तेवढ्यात फुलांच्या ताटव्याचा फोटो काढायला घेतला. संकटसमयी नवरे फोटो काढतात. मी झाकण त्यांच्या हातातून घेतलं आणि पाणी ताटव्यात ओतलं. जरा जोरातच ओतलं असावं. पुढचा तासभर त्या माझ्याशी थोरल्यामार्फत बोलत होत्या. "सांग तुझ्या आईले, गाडी उन्हात उभी हाय."

पार्क कसं होतं, असं मला मैत्रिणी विचारतात. पार्क छान असावं. आम्ही जे पाहिलं ते सावलीच्या हिशेबानं पाहिलं. कुठल्या राइडला छत आहे, कुठं एसी आहे, कुठली संथ आहे, एवढाच निकष. बोटीतून बाहुल्यांच्या देशोदेशीच्या सफरीला धाकटीला मांडीवर घेऊन जाता आलं आणि ती तिथं गाढ झोपली. डंबो नावाच्या उडत्या हत्तींच्या पाळण्याला एक फार शहाणी सोय होती. रांगेतच एक मोठा गार तंबू, त्यात मुलांना खेळायला घसरगुंड्या, आणि पालकांच्या हातात एक डबी दिली होती, ती वाजली की आपला नंबर. आमची वाजली तेव्हा थोरले घसरगुंडीवरून उतरायला तयार होईनात. हत्तीवर शेवटी सासरे आणि नवरा बसून आले. बापलेक हवेत फिरताना खालून हात हलवणारी सून, असा एक फोटो माझ्याकडे आहे.

सासऱ्यांना खरं प्रेम जडलं ते कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसवर. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी बनवलेला हा खेळ. मधले रंगमंच जागच्या जागी राहतात आणि प्रेक्षकांची अख्खी बैठक त्यांच्याभोवती फिरते. यांत्रिक बाहुल्यांचं एक कुटुंब, घरात वीज येते, मग फ्रिज, मग टीव्ही. वीसेक मिनिटं बसून राहायचं. गार. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि बाहेर आल्यावर अकोल्याच्या घरात पहिला फ्रिज कुठल्या साली आला ते मला सांगितलं.

साडेबाराला दूध पाजायला बेबी केअर सेंटरकडे निघालो. मुख्य रस्ता संपतो तिथं क्रिस्टल पॅलेस नावाच्या हॉटेलाशेजारी ते आहे. नवरा थोरल्याला घेऊन पुढे. सासरे कुठल्याशा काउंटरवर. मागून काहीच आवाज येईना म्हणून वळले, तर सासूबाई रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसलेल्या. पदर सुटलेला. त्यांचा पदर सुटलेला मी कधी पाहिला नव्हता.

चेहरा पांढरा पडला होता. हात हातात घेतला, तो चिकट आणि गार.

"आई, काय होतंय?"

"काही नाही. जरा भोवळ आली. तू पोरीले घेऊन जा."

"पाणी कधी प्यायलात?"

"सकाळी चहा घेतला ना."

मी त्यांची पर्स उघडली. सकाळी मी दिलेली बाटली आत होती. सील तसंच. माझी बाटली, थोरल्याची बाटली, पंचा भिजवायचं पाणी, सगळ्यांचा हिशेब त्या ठेवत होत्या. स्वतःची बाटली उघडलीच नव्हती. आणि मी? धाकटीचे ओले डायपर मोजत होते, थोरल्याच्या ओठांकडे बघत होते, तिच्या टाळूला हात लावून ताप आहे का पाहत होते. अडुसष्ट वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बाईकडे मी सकाळपासून फक्त चिडून बघितलं होतं.

बेबी केअरला लागूनच प्रथमोपचार केंद्र. तिथल्या नर्सनं त्यांना खाटेवर आडवं केलं, पायांखाली उशी दिली, रक्तदाब घेतला, तो खाली आला होता. मानेवर थंड ओली घडी ठेवली. थोरल्यासाठी म्हणून भारतातून आणलेली इलेक्ट्रलची पाकिटं माझ्या पिशवीत होती, ती दाखवली. नर्सनं वाचून मान डोलावली, आणि सासूबाईंनी नाक मुरडत ते घोट घोट घेतलं. सासरे धावत आले. हातात बर्फाच्या पाण्याचे दोन मोठे ग्लास. काउंटरवर मागितलं की साधं पाणी फुकट मिळतं हा शोध त्यांना नुकताच लागला होता. त्यानंतर ते दर दहा मिनिटांनी दोन ग्लास घेऊन येत राहिले. घाबरले की माणसं काहीतरी आणत राहतात.

"बिल किती होईल?" हे मात्र त्यांनी मला हळूच विचारलं. झालं नाही.

सासूबाई पडून होत्या तोवर मी शेजारी जाऊन पाजायला बसले. त्या खोलीबद्दल मला लिहायचंय. मंद दिवा, झुलत्या खुर्च्या, एसीचा बारीक आवाज. माझ्याशिवाय तिघीजणी. एक डोक्याला रुमाल बांधलेली, एक अगदी लहान वयाची, एक जुळ्यांची आई. कुणी कुणाशी बोललं नाही. बाहेर शंभर गोष्टी एकाच वेळी वाजत होत्या, इथं फक्त बाळांचा चुळुचुळु आवाज. धाकटी इतकी तहानलेली होती की एका बाजूनं झाल्यावर लगेच दुसऱ्या बाजूला तोंड शोधायला लागली. पिऊन झालं आणि डायपर जड लागलं. जड डायपरचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. मग मला रडू आलं. जुळ्यांच्या आईनं न बघितल्यासारखं केलं, त्याबद्दल तिचे आभार.

अर्ध्या तासानं सासूबाई आत आल्या. पदर नीट. शेजारच्या खुर्चीत टेकल्या आणि थोडा वेळ नुसत्याच झुलत राहिल्या.

"हा चार महिन्यांचा होता," त्या म्हणाल्या. हा म्हणजे माझा नवरा. "मे महिन्यात शेगावले नेलं होतं नवस फेडाले. एसटीनं. पोलक्यात कांदा ठेवला होता मी. आत्याबाई दर थांब्यावर त्याच्या अंगावरचं धोतर भिजवत होत्या."

"आणि तुम्ही?"

"मी काय? दिवसभर पाणी नाही पीत मी बाहेर निघाली की. प्यायलं तर जा कुठं? स्टँडावर बाईनं कुठं जावं?"

"आई, इथं तर चार पावलांवर आहे. स्वच्छ."

"हो. पाहिलं ना सकाळी." त्यांनी धाकटीच्या तळपायाला बोट लावलं. "सवय, बाई."

मी सासऱ्यांनी आणलेला ग्लास पुढे केला. त्यांनी तो संपवला. मग म्हणाल्या, "पाणी नको देऊ तिले. डॉक्टर म्हणते तर नको देऊ."

साडेतीनला आभाळ फुटलं. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी असं होतंच. विजा कडकडल्या, बाहेरच्या राइड बंद झाल्या, लोक प्लास्टिकचे रेनकोट घालून पळू लागले. पाऊस थांबल्यावर तापलेल्या फरशीवरून जी वाफ निघाली ती बघून सासूबाई म्हणाल्या, "हे खरं." एवढंच. आम्ही आतषबाजी न बघता परत फिरलो. स्ट्रोलर शोधताना ओळखायला बांधलेली लाल बांधणीची ओढणी कामी आली. तिथले कर्मचारी गाड्या सतत हलवून रांगेत नीट लावतात, त्यामुळे ठेवल्या जागी आपली सापडत नाही.

उरलेले दोन दिवस हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात आणि खोलीत गेले. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, म्हणजे ते छान गेले.

अटलांटाला परतल्यावर रात्री सासूबाई अकोल्याला बहिणीशी बोलत होत्या. स्पीकर चालू. मी ओट्याशी बाटल्या धूत होते.

"ऊन नाही गं, नुसती वाफ हाय तिथं," त्या सांगत होत्या. "आपल्याले काय होते? पण पोरीले जरा बाधलं. तिच्यासाठी मग दवाखान्यात बसलो थोडा वेळ."

मग माझ्याकडे बघितलं. मी नळ जरा मोठा सोडला.