नोआँ: शोपँच्या खोलीसाठी जाणार असाल तर आधी हे वाचा

फ्रान्सच्या मध्यभागी, बेरी भागात, जॉर्ज साँ या लेखिकेचं नोआँ गावातलं घर आहे. तिचा प्रियकर, पियानोवादक-संगीतकार शोपँ याने 1839 ते 1846 या काळात तिथे सात उन्हाळे काढले आणि आपल्या कितीतरी उत्तम रचना तिथेच पुऱ्या केल्या. मी गेलो तो त्याच्या खोलीसाठी. ती खोली आता नाही. दोघांचं फाटल्यावर साँने ती मध्ये भिंत घालून तोडली. उरलंय ते आवाज अडवणारं गादीचं जाड दार. घराची कडक जपणूक होते म्हणून मी डोळे झाकून विश्वास ठेवला होता. पण जपणूक होते ती साँने घर जसं मागे ठेवलं त्याची, आपल्या मनातल्या घराची नव्हे.

आता मुख्य तक्रार. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकावरून शातोरूला रेल्वेने दोनेक तास लागतात, त्यात काही त्रास नाही. पुढे तीसेक किलोमीटर आहेत. रविवार होता, सोयीची बस मिळाली नाही, म्हणून टॅक्सी केली. गावाचं सरकारी नाव नोआँ-विक, तेच सांगितलं. 95 युरो ठरले. चालकाने आम्हाला विकच्या चर्चपाशी उतरवलं आणि नोआँला न्यायचे आणखी 15 मागितले. नोआँ आणि विक ही दोन वेगळी गावं आहेत, नावापुरती एकत्र! मी भांडलो, पैसे दिले नाहीत आणि बायकोसह पाठीवर पिशव्या टाकून चालत निघालो.

तो दोन किलोमीटरचा रस्ता कुणीही चालू नये. एरवी मी सह्याद्रीत दिवसभर चालतो, दोन किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण हा डी943 हमरस्ता, कडेला जेमतेम पाऊलभर गवत, आणि मालमोटार गेली की अंगावर वाऱ्याचा धक्का. दुपारच्या उन्हात आम्ही एकामागे एक, न बोलता चाललो. टॅक्सी ठरवताना 'जॉर्ज साँचं घर, नोआँ' असं कागदावर लिहूनच द्या. रविवार टाळा.

एवढं करून पोचलो, तर घर फक्त मार्गदर्शकासोबतच बघता येतं आणि पुढच्या फेरीला तास होता. मार्गदर्शक फ्रेंचमध्ये बोलते, झरझर. फेरीची वेळ आधीच घेऊन ठेवा. बाग मोकळी आहे. मुलांच्या जन्माच्या वेळी साँने लावलेले दोन देवदार तिथे आहेत, आम्ही तास तिथेच काढला. जेवणघरात टेबल मांडलेलं, प्रत्येक ताटासमोर पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी. ते पाहून माझा राग बराच उतरला. साँची नात ऑरोर हिने हे सगळं 1952 मध्ये सरकारला दिलं. घरातली माणसं गेली की सामान चार दिशांना लिलावात जातं. इथे ते जागेवर राहिलं ते या दानामुळे.

घराबाहेरच्या चौकात एकही नवी इमारत नाही, हेही आपोआप घडलेलं नाही. फ्रान्सच्या 1913 च्या कायद्याने संरक्षित वास्तूला परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि 1943 पासून भोवतीच्या 500 मीटरमध्येही वास्तूच्या नजरेत येणाऱ्या बांधकामाला सरकारी वास्तुविशारदाची संमती लागते. आपल्याकडे केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बंदी आणि पुढे 200 मीटर नियंत्रण असतं. आपल्या गडांच्या पायथ्याशी काय चालतं ते आठवून मला तिथे खरंच हेवा वाटला.

आणि ज्या विकच्या चर्चपाशी मी तणतणत उभा होतो, तिथे परतीला पुन्हा थांबलो. (बागेत भेटलेल्या एका जोडप्याने गाडीतून सोडलं, त्यांचे उपकार.) आत भिंतभर बाराव्या शतकातली चित्रं आहेत, 1849 मध्ये चुन्याच्या थरांखाली सापडलेली. साँने ही बातमी स्मारकांचे महानिरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे यांच्या कानावर घातली, म्हणून ती वाचली. दगाबाज शिष्य ज्यूडास येशूचं चुंबन घेतो त्या चित्राखाली मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. गेरूचा तांबडा, पिवळा, आणि ते टक्क उघडे डोळे. भिंतीला नाक लागेल इतक्या जवळ जाता येतं.

म्हणून क्रम उलटा लावा: आधी विक, तिथे निवांत तासभर, मग टॅक्सीनेच नोआँ. पाच मिनिटांसाठी वरचे 15 युरो द्या, पण त्या रस्त्याने चालू नका.