काळ्या फ्रेमा, आमसुली रंग आणि लाल आभासाचं उत्तर

काल रात्री साडेबाराला मी ‘मिळालं!’ असं इतक्या मोठ्यांदा ओरडले की आतून आई उठून आली. ‘द सिक्स्थ सेन्स’ या जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या एका भागाची प्रिंट माझ्याकडे आहे. त्यातल्या एका बाईला होणारा तो लाल आभास, ज्याच्यावरून आपण सगळे महिनाभर भांडलो, त्याचा लाल खरा, म्हणजे तेव्हाच मुद्दाम केलेला आहे. रंग उडाल्यामुळे आलेला नाही. माझ्यापुरतं हे आता सिद्ध झालंय, आणि कसं ते सविस्तर लिहिते. तुमच्यापैकी निदान तिघांच्या कपाटात हाच प्रश्न पडून आहे.

प्रिंट तीच, सोळा मिलिमीटरची, १८०० फूट, दोन रिळांत. पूर्ण लांबीची. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण १९७२ साली अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर दाखवलेले २५ भाग नंतर ‘नाइट गॅलरी’ या भयमालिकेच्या पुनःप्रक्षेपणाच्या संचात बसवण्यासाठी अर्ध्या तासावर आणले गेले आणि त्यांना ‘नाइट गॅलरी’चे सूत्रधार रॉड सर्लिंग यांची नवी प्रास्ताविकं जोडली गेली. त्या कापाकापीत मालिकेचे नायक डॉ. ऱ्होड्स शोध घेतच नाहीत, थेट उत्तरावर येऊन आदळतात. निम्मी भीती तर त्या शोधात होती! म्हणून ही प्रिंट वाचवायचीच आहे.

अंधाऱ्या दृश्यांचा त्रास तुम्हाला ठाऊक आहे. त्या काळच्या प्रिंटमधला सायन (लाल उजेड अडवणारा निळसर-हिरवा रंग) आधी उडतो, आणि जिथे तो जास्त होता तिथून जास्त जातो. म्हणजे सावल्या लाल होतात, उजेडातले चेहरे त्यामानाने बरे राहतात. आता आपल्या आवडीच्या या अतींद्रिय पटांमध्ये आभास कुठे होतो? अंधारात. जिना, बंद खोली, एखादा दिवा. त्यामुळे आभास लाल दिसला तर तो १९७२ साली लाल केला की नंतरच्या पन्नास वर्षांनी, हे नुसतं बघून कळत नाही.

मी काय काय करून पाहिलं ते थोडक्यात. चेहऱ्यांवरून रंग बसवला, तर पहिल्या रिळातला आभास गडद लाल राहिला. तोच हिशोब दुसऱ्या रिळाला लावला, तर तिथला आभास चक्क हिरवट! एकाच भागातला, त्याच बाईला त्याच खोलीत होणारा आभास दोन रंगांचा कसा असेल? मग अर्ध्या तासाच्या आवृत्तीची टेप काढली. तिथे तो तपकिरी. पण अमेरिकन टेपवरचा रंग हा पुरावा म्हणून मला मान्य नाही. ज्या टीव्हीला रंगछटेचं बटणच दिलेलं असायचं, त्या पद्धतीवर किती विसंबायचं? तीन आठवडे मी या तीन उत्तरांमध्ये फिरत होते. एकदा तर दोन्ही रिळं डब्यात घालून झाकण लावून टाकलं होतं.

उत्तर भलतीकडून आलं. पूर्ण आवृत्ती आणि छाटलेली आवृत्ती शेजारी ठेवून कुठे कुठे कात्री लागली त्याची यादी करायची, म्हणून मी जाहिरातींच्या जागा नोंदवत होते. प्रत्येक अंक संपला की पडदा काळा होतो, मग पुढचा अंक. माझ्या प्रिंटमध्ये अशा पाच जागा आहेत. चौथ्या जागेवर थांबले आणि लक्षात आलं की ही काळी फ्रेम काळी नाहीच. आमसुलासारखी आहे. वेगळी पट्टी चिकटवलेली नाही, त्याच फिल्मवर छापलेला काळा आहे. म्हणजे इथे तिन्ही रंग भरपूर असणार हे आपल्याला नक्की माहीत आहे. जो कमी पडतोय तो उडालेला. इतकं सरळ मोजमाप याच प्रिंटमध्ये पाच ठिकाणी ठेवलेलं होतं!

ज्याने फिल्म स्कॅन करते तो माझा कॅमेरा बारा बिटांचा, म्हणजे प्रत्येक रंगाच्या उजेडाला ० ते ४०९५ आकडे. पाचही काळ्या जागांवर हिरवा आणि निळा ४०च्या आसपास. लाल मात्र पहिल्या रिळाच्या सुरुवातीच्या काळ्या जागेत ४१० आणि शेवटच्या जागेत ३२०. दुसऱ्या रिळात २५०. लाल जितका जास्त, तितका सायन उडालेला. दोन्ही रिळं सारखी उडालेली नाहीत, आणि पहिलं रीळसुद्धा आतून-बाहेरून सारखं नाही. बाहेरच्या वेढ्यांना हवा आणि उष्णता जास्त लागली असणार असा माझा अंदाज. सगळ्या प्रिंटला एकच हिशोब लावणं, तिथेच माझं चुकत होतं.

मग एका काळ्या जागेपासून पुढच्या काळ्या जागेपर्यंत हळूहळू बदलत जाणारी दुरुस्ती लावली. सगळ्या चित्रावर रंग न चढवता फक्त लाल वाहिनी (चित्रातला लालाचा भाग) खालच्या, म्हणजे अंधाराच्या बाजूने ताणली, पांढऱ्याला हात लावला नाही. रिझॉल्व्ह या रंगदुरुस्तीच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत हे आरामात होतं. रंग उडालेल्या फिल्मसाठी वेगळं महागडं काही घेऊ नका, असं माझं ठाम मत झालंय.

आणि उशी! आभासाच्या आधी ती बाई जागी असते तेव्हा तिच्या डोक्याखाली पांढरी उशी आहे. दुरुस्तीनंतर ती स्वच्छ पांढरी आली. आभास सुरू होतो आणि तीच उशी गुलाबी. दुसऱ्या रिळातही गुलाबी, तेवढीच गुलाबी. रंग उडाल्याने सावल्या लाल होतात, पण पांढऱ्यात मुळात रंगच जवळपास नसतो, तिथून काय उडणार? पांढरं लाल झालं असेल तर ते कुणीतरी मुद्दाम केलेलं आहे. शिवाय लालपणा डिझॉल्व्हच्या (एक दृश्य दुसऱ्यात विरघळतं त्या) ४८ फ्रेमांत पायरी-पायरीने चढतो, आणि त्याच शॉटमध्ये फिल्मचे कण जाड होतात, म्हणजे तो प्रयोगशाळेत पुन्हा छापलेला तुकडा. मी ती उशी पन्नास वेळा तरी पुढे-मागे करून पाहिली असेल.

आवाजाचं काम दरम्यान पार पडलं. फिल्मच्या कडेची ध्वनिपट्टी रंगांची नसून चांदीची असल्यामुळे ती शाबूत होती. एईओ-लाइट या मोफत प्रणालीने स्कॅनमधूनच आवाज काढला, २६ फ्रेमांनी उशिरा केला, ओठ जुळले. शीर्षकसंगीत इतकं स्वच्छ मी या मालिकेचं आधी कधी ऐकलं नव्हतं.

राहिलेली अडचण एकच: लाल वाहिनी इतकी ताणल्यावर सावल्यांत गोंगाट, म्हणजे नको असलेले ठिपके, दिसतो. स्कॅन करताना लावलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्याचा हा दोष. सायन जिथे सर्वांत जास्त प्रकाश शोषतो त्या ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल दिवा लावला, तर उरलेला सायन जास्त ठळकपणे पकडता येईल. लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे, प्रत्येक फ्रेमचे तीन फोटो. ७२,००० फ्रेमा गुणिले तीन. वेळ लागेल, लागू दे.

पुढच्या महिन्यात ‘स्वीट, स्वीट रेचेल’ला हात घालायचा होता, ज्या १९७१च्या टीव्हीपटातून ही मालिका निघाली तो. ते आता पुढे ढकलते. आधी पहिलं रीळ नव्या दिव्यांवर पुन्हा. पावसाळा तोंडावर आहे आणि डब्यातली आम्लाची पट्टी (फिल्म सडू लागली की रंग बदलणारी) निळ्याची हिरवट व्हायला लागली आहे. ठाण्याच्या हवेत पुढच्या वर्षीचा भरवसा मी धरणार नाही. ‘रंग उत्तम’ म्हणून प्रिंट विकणाऱ्यांवरचा तर कधीच सोडला. यापुढे विकत घेण्याआधी एकच मागणार: जाहिरातीच्या जागेच्या काळ्या फ्रेमचा फोटो.

हे लिहिता लिहिता सुचलं: दीड तासाच्या टीव्हीपटांत अशा काळ्या जागा आणखी जास्त असणार, म्हणजे दुरुस्ती आणखी बारीक करता येईल. चित्रपटगृहांसाठीच्या प्रिंटमध्ये ही सोय एवढी नाही. मग ‘रेचेल’ आधी घ्यावा का? नाही, पट्टी हिरवी होतेय, आधी हेच. पण ज्यांच्याकडे लेनर्ड निमॉयच्या ‘बॅफल्ड!’ या टीव्हीपटाची प्रिंट आहे त्यांनी काळ्या जागा मोजून आकडे कळवा, मी तक्ता करते.

शनिवारी एलईडी घ्यायला लॅमिंग्टन रोडला जातेय. ६६०चे कुणाला हवे असतील तर शुक्रवारपर्यंत सांगा, एकदमच आणते.