खारकेची खीर आणि आईचं जायफळ

२८ डिसेंबर २०२५, रविवार. रात्रीचे पावणेदहा.

खारका काल रात्रीच कोमट पाण्यात भिजत घातल्या होत्या, वर ताट झाकून. या थंडीत साध्या पाण्यात त्या सकाळपर्यंतही आतून कडकच राहतात. मागच्या आठवड्यात मी दोन तासांत उरकायला गेले आणि खिरीत चोथा राहिला. आईनं कवळी काढलेली. तिला तो गिळता येईना. वाटी हळूच बाजूला सारून म्हणाली, "पोट भरलं वं माझं." ते आठवडाभर मनाला लागून होतं.

म्हणून शुक्रवारी मुद्दाम नागपूरच्या इतवारी बाजारात गेले. शंकरनगरहून मेट्रोनं चितार ओळी चौक, पुढे पायी किराणा ओळीत. खारीक कशी निवडायची ते आईनंच शिकवलेलं: हातात जड लागली पाहिजे, देठाजवळ बारीक छिद्र नको, छिद्र म्हणजे आत कीड. भाव ऐकून जरा थांबले. पूर्वी आपल्याकडची खारीक बहुतेक सिंधमधून यायची. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के शुल्क बसलं, आणि यंदा मे महिन्यापासून तर तिकडची आयातच बंद झाली. शाळेत जाताना आई फ्रॉकच्या खिशात मूठभर खारका टाकायची, ते दिवस आठवले. पाव किलो घेतली. सोबत चारोळी आणि गोडंबी, दोन्ही आपल्याच जंगलांतल्या. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. त्याच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं की फोड येतात, आणि कुणीतरी ती एकेक बी फोडून हा पांढरा दाणा आपल्यापर्यंत पोचवतं. गोडंबी घेताना मी कधीच घासाघीस करत नाही.

आज दुपारी खारका सोलायला बसले. पिकायच्या आधीच उतरवलेला खजूर उकळून उन्हात वाळवला की खारीक होते, म्हणून ती इतकी टणक. पण रात्रभर भिजल्यावर फुगून अंगठ्याएवढी होते आणि बोटानं उभी चिरते. बी निघते, लांबट, एका बाजूला खोल चीर असलेली. बीला लपेटलेला पांढरा पापुद्रा मात्र गराला चिकटून राहतो. चोथा होतो तो त्याचाच. मागच्या वेळी मी तो तसाच वाटला होता. आज सोळा खारकांचे पापुद्रे नखानं एकेक करून काढले, देठाकडच्या टोप्या काढल्या. अर्धा तास गेला. जाऊ दे.

भिजवलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच गर वाटायचा. सोबत चमचाभर भिजलेली खसखस. मग जाड बुडाच्या गंजात दोन चमचे तूप, त्यात हे वाटण मंद आचेवर परतत राहायचं. सुरुवातीला त्याला कच्चा, ओलसर वास असतो. दहा-बारा मिनिटांनी कडेनं तूप सुटायला लागतं, रंग विटकरी होतो, आणि भाजल्या गुळासारखा वास घरभर जातो. इथे घाई केली तर खीर नुसती दुधाळ लागते. लिटरभर दूध वेगळं आटवून पाऊण केलं होतं, ते गरमच ओतलं. साखर दोनच चमचे. गूळ मी उकळत्या दुधात घालतच नाही, दूध फाटतं.

आतल्या खोलीतून आवाज आला, "काय करून राहिली वं? वास तर सुटला." मग स्वेटरवर शाल गुंडाळून आई स्वतःच ओट्याशी आली. "जायफळ आण इकडे. तू पावडर टाकशील, मले माहीत हाये."

सहाण तिच्या मांडीवर दिली. दोन थेंब दूध, आणि जायफळ गोल गोल. तोंडातल्या तोंडात मोजत होती: एक, दोन, तीन... माझ्या लेकीच्या बाळगुटीच्या वेळी अशीच मोजायची. खारकेचे इतके वळसे, सुंठीचे इतके, वेखंडाचा अर्धाच. एरवी कप धरताना तिचा हात थरथरतो. सहाणेवर नाही थरथरला. सात वळसे झाले आणि थांबली. तो तपकिरी लेप तिनं बोटानंच खिरीत निपटला.

उद्या २९ तारीख. २०१८ साली याच तारखेला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या रात्री आईनंच खीर केली होती. आम्ही सगळे स्वयंपाकघरात, गॅसभोवती दाटीनं, वाट्या दोन्ही हातांत धरून. बाबा होते तेव्हा. तिसऱ्यांदा वाटी पुढे करताना ते काहीच बोलले नव्हते, नुसतं आईकडे पाहिलं होतं.

आज आईनं पहिला चमचा तोंडात घेतला आणि जिभेनं टाळूवर बराच वेळ घोळवला. मी बघत राहिले. चोथा नव्हता. गोडंबी मऊ शिजली होती, ती तिनं हिरड्यांनीच चिरडली. वाटी संपली.

मग वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "थोडीशी अजून दे. गरम आहे तोवर."